नेमबाजी सरावाबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

सरावाच्या नोंदवहीत बरेच रकाने महिनोन् महिने कोरे आहेत. परवाना आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कपाटात राहतं, हाताची सवय मात्र राहत नाही. खंड पडला की आधी बिघडतो तो ट्रिगर. बोट हळूहळू दाबायचं सोडून झटका देतं, बार होण्याआधीच डोळे मिटतात आणि गोळी खाली जाते. मग दोष साइटला, म्हणजे नेम धरायच्या खाचेला, दिला जातो!

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा असतो. महिन्यातून एकदा येऊन शंभर छर्रे उडवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा वीस-तीसच, पण मन लावून मारा. मधल्या दिवशी कोरा सराव, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबण्याचं ड्राय फायरिंग, करा. हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी सुरक्षित दिशेलाच हवी. पॉइंट टू टूच्या (.२२ कॅलिबरच्या) बऱ्याच बंदुकांत रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागेवर) ट्रिगर ओढल्याने फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी पिन, खराब होते, म्हणून डमी काडतूस वापरा. एअर रायफलला ड्राय फायरची सोय असेल तर तीच वापरा.

तीन महिन्यांहून जास्त खंड पडलेल्यांनी आधी प्रशिक्षकांसमोर हाताळणी करून दाखवावी, मगच फायरिंग लाइनवर उभं राहावं. जुन्या सभासदांनाही हे लागू आहे. खरं तर त्यांनाच जास्त.

कानांचं संरक्षण, चष्मा आणि सेफ्टी फ्लॅग (हत्यार रिकामं असल्याचं दाखवणारी खूण) विसरू नका.

– सराव समिती