फिटर मामा, तुम्ही फोन ठेवता म्हणून हे पत्र

फिटर मामा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर ट्रॅक्टरबद्दल आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, ठेवू?" म्हणता आणि खरंच ठेवता. समोर आलं की हातातला पान्हा पुसायला घेता. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या नातीला सांगितलंय, ती वाचून दाखवेल. मध्येच उठून जाऊ नका.

आमची तीन एकरं भोगावतीकाठची, सगळी उसाची. घरचे एस.टी.त चालक, आठवड्यातला एखादा दिवस घरी. शेत माझ्याच अंगावर. इतकी वर्षं सगळी मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर व्हायची, आणि भाड्यापेक्षा जास्त त्रास वाट बघण्याचा. पावसानंतर वापसा आला, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकली, की अख्ख्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. "उद्या सकाळी सोडतो वैनी" ट्रॅक्टरवाले म्हणायचे. ती सकाळ चौथ्या दिवशी उगवायची, तोवर काळी जमीन वाळून डोक्याएवढी ढेकळं झालेली. त्यात रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार, घातला की ट्रॅक्टर नाचतो आणि पैसे मात्र तासाचे द्यायचे.

म्हणून जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. नव्याचा हप्ता तीन एकरांना पेलणारा नव्हता.

पहिला ट्रॅक्टर बघायला गेलो तो दिवस मी विसरणार नाही. तुम्हाला आठवतो का, कोण जाणे. तुम्ही असे शेकडो बघितले असतील. लालभडक रंग, नवीन सीट, टायरला काळं पॉलिश. घरचे तर बघूनच खूश. एस.टी.चा चालक म्हटल्यावर गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज. तुम्ही काहीच बोलला नाही. गेलात आणि सरळ इंजिनावर तळहात ठेवला.

"गरम हाय. आत्ताच चालवून ठेवलाय. चहा घिऊ, तवर थंड हुंदे."

मालकाचा चेहरा तेव्हाच उतरला. गरम इंजिन कुणालाही एका चावीत चालू होतं, थंड इंजिनच खरं काय ते सांगतं, हे मला त्या चहाच्या कपाबरोबर कळलं. चहा होईपर्यंत तुम्ही नुसतं फिरत होता. मग खाली बसलात, बॅटरीच्या पेटीच्या मागं, जिथं रंगाचा फवारा पोचत नाही तिथं बोट घातलंत आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलंत. मऊ, बारीक, पिवळट राखाडी. चिमटीत घेतला तर पिठासारखा.

"वैनी, ह्यो बांधावरचा चिखल न्हवं. वळखा."

ओळखायला काय, नदीकाठची मी. पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर, पेटीतल्या साड्यांच्या घडीत, धान्याच्या कणगीत जो गाळ बसतो तोच होता. मग तुम्ही गिअर बॉक्सची तेल बघायची पट्टी ओढून दाखवलीत. तेल दूध घातलेल्या चहासारखं, म्हणजे पाणी मिसळलेलं. हेडलाईटच्या काचेच्या आत एक आडवी रेघ होती, भिंतीवर राहते तशी. तुम्ही मालकाला एक शब्द वावगा बोलला नाहीत. "बघतो, कळवतो" एवढंच. रस्त्याला लागल्यावर घरच्यांनी विचारलं, 2019 चा पूर असेल की 2021 चा? तुम्ही म्हणालात, "ते नदीला ठावं. पर त्यो ट्रॅक्टर पाण्याखाली झोपून आलाय."

त्या दिवशी रिकाम्या हातानं परत आणल्याबद्दल पहिले आभार. आम्ही इसार खिशात घेऊन गेलो होतो मामा. तुम्ही नसतात तर देऊनच आलो असतो.

दुसरा मिळाला गारगोटीच्या बाजूला. 1998 ची मॅसी फर्ग्युसन, 1035 मॉडेल, तीन सिलिंडरची. उन्हानं रंग उडून गुलाबी पडलेला, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. घरच्यांनी तोंड वाकडं केलं. तुम्ही हात ठेवलात, इंजिन गार. दुसऱ्या चावीला चालू झालं, पांढरा धूर ओकलं आणि थोड्या वेळात धूर विरळ झाला. तेव्हा तुम्ही धुराची बाराखडी शिकवलीत. पांढरा थंडीचा, जरा वेळानं जातो. निळा राहिला तर इंजिन ऑईल खातंय. काळा म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त. आता रस्त्यानं कुणाचाही ट्रॅक्टर गेला की मी आधी धुराकडं बघते, मग चालवणाऱ्याकडं.

मग इंजिन चालू असतानाच ऑईल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर तुम्ही तळहात धरलात आणि नंतर मला धरायला लावलात. घरच्यांना नाही, मला. "श्वास लागतोय न्हवं? लागायचाच, म्हातारं हाय. पर धाप लागलीय का सांगा." नव्हती लागली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तिथून भकाभका धूर येतो, हे नंतर सांगितलंत. आधी हाताला कळू दिलंत.

मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टची परीक्षा तर मी शेजारणींना अजून सांगते. मागं रोटर जोडलेला होता. तो वर उचलून इंजिन बंद केलंत, खाली कुणी हातपाय घालायचा नाही म्हणून दम भरलात, बाजूला एक काठी उभी रोवून तिच्यावर खडूची खूण केलीत आणि म्हणालात, "आता भाकरी खाऊ." अर्ध्या तासानं बघितलं तर रोटर दोन बोटं उतरलेला. "चाललं. अर्ध्या तासात दोन बोटं म्हणजे लबाडी न्हाई, वय हाय."

सगळ्यांत मोठी गोष्ट पुढं आहे. ट्रॅक्टर चांगला आहे असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याचे दोष लिहून दिलेत. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंग पिनचे बुश गेलेत. तासांचा मीटर बंद. मागचा डावा टायर चिरलाय, पण एक पावसाळा काढेल. ब्रेक एका बाजूला ओढतो. क्लच प्लेट दोन हंगाम, जास्त नाही. ती पत्रिका पुढं केल्यावर मालकानं बारा हजार कमी केले, आणि एक लाख चाळीस हजारांवर सौदा ठरला. ती पत्रिका माझ्या पिठाच्या डब्यामागं अजून आहे. एकेक दोष निघाला की मी रेघ मारते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण वाचणाऱ्यांना उपयोग होईल. आरसी बुकावर बँकेचा बोजा होता. मालकानं कर्ज कधीच फेडलेलं, पण नोंद तशीच राहिलेली. बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा 35 नंबरचा फॉर्म झाल्याशिवाय, नाव बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय, आणि चेसिसवरचा नंबर स्वच्छ पुसून, वाचून कागदाशी ताडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, असं तुम्ही बजावलंत. तीन आठवडे गेले. घरच्यांची चिडचिड झाली. पण आता एमएच 09 च्या त्या जुन्या पाटीमागं माझं नाव आहे, हे लिहितानाही बरं वाटतं.

ट्रॅक्टर घरी आला आणि मी काय केलं? नवीन सीट घेतली. खंडेनवमीला पूजा, झेंडूचा हार, पुढं नारळ. तुम्ही पेढा घेतलात, खाली वाकून एक्सलकडं बघितलंत आणि विचारलंत, "हार घातलाय. ग्रीस घातलंय का?" सगळ्या भावकीसमोर! राग आला होता मला, आज कबूल करते. पण दुसऱ्याच आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन बुश बसवून आणले. स्टिअरिंग हातात आल्यासारखं झालं. आधी बैलाची वेसण सुटल्यासारखं होतं.

हा ट्रॅक्टर काय करू शकतो, त्याहून काय करू शकत नाही हे तुम्ही आधी सांगितलंत. छत्तीस एच.पी. आहे, पलटी नांगर लावून त्याचा जीव घेऊ नका. रोटर, कुळव, सरी आणि शेणखताची ट्रॉली. ऊस भरून जोडट्रॉल्या ओढणाऱ्यांशी बरोबरी करायची नाही. लिफ्टचे दोन दांडे वेगळे का, हे मात्र मला लवकर कळेना. एक अवजार ठरल्या उंचीवर धरतो हे समजलं. दुसऱ्याचं तुम्ही बांधावर बसून हातानं करून दाखवलंत: कुळव कठीण जागेत अडकला की त्याला ट्रॅक्टरशी वरून जोडणारी दांडी, टॉप लिंक, पुढं रेटली जाते, तो दाब लिफ्टला कळतो आणि ती अवजार थोडं उचलते, जमीन मऊ लागली की परत सोडते. मुलानं नंतर शोधून सांगितलं, ही युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची, मॅसीच्या नावातला फर्ग्युसन तोच. मला वाटलं होतं कंपनीनं उगीच जोडनाव ठेवलंय.

आता त्या सकाळबद्दल. सरी सोडायची होती, मजूर आलेले, आणि मधल्या पट्ट्यात डिझेल संपलं. कॅन ओतला तरी चालू होईना. तुम्हाला फोन केला. सात वाजले होते. तुम्ही याल असंच मला वाटलं, गाडीवर पंधरा मिनिटांचा रस्ता. तुम्ही म्हणालात, "एअर घेतलीय. फोन स्पीकरवर टाका आन् पान्हा घ्या." एअर म्हणजे डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा, ती काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही.

मी म्हटलं, मला नाही जमणार. तुम्ही म्हणालात, "बरं, मग मी ठेवू?"

घेतला पान्हा. आधी फिल्टरभोवतीची माती फडक्यानं पुसायला लावलीत. वरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाची ती चमच्याएवढी दांडी बोटांनी वरखाली करत बसले. आधी नुसतं फुसफुस. मग साबणासारखा फेस. "फेस आला? आनि हाणा." बोटं दुखायला लागली तेव्हा फेस संपून डिझेलची सरळ धार लागली. स्क्रू आवळला. मग डिझेल पंपाचा, तसाच. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून, हात आणि तोंड लांब ठेवून, पोराला चावी मारायला लावली. नळ्यांच्या तोंडाशी डिझेल पिचकायला लागलं, नट आवळले, आणि इंजिन धडधडलं. मजुरांतल्या एका म्हातारीनं टाळी वाजवली. फोनवर तुम्ही काय म्हणालात माहिती आहे? काहीच नाही. फोन केव्हाच ठेवला होता. इंजिनाचा आवाज ऐकू आल्यावर तुमचं काम संपलं.

त्या दिवशी आला असतात तर दहा मिनिटांत झालं असतं. आला नाहीत याबद्दल आभार.

आणि एक, जे मी तुमच्यासमोर कधी बोलू शकले नाही. ट्रॅक्टर आल्यानंतरच्या रविवारी तुम्ही न बोलावता आलात, पिशवीतून प्लास्टिकचं जाड कव्हर काढलंत आणि पीटीओच्या, म्हणजे इंजिनाच्या जोरावर मागचं अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवर बसवलंत. मी म्हटलं, हे कशाला, कुणाच्याच ट्रॅक्टरला नसतं. तुम्ही माझ्या ओढणीकडं बोट दाखवलंत. "मिनिटाला 540 फेरं. म्हंजे तुम्ही 'एक' म्हनंपर्यंत नऊ. 'आई गं' म्हनायलाबी वेळ न्हाई." मग गप्प झालात. कुणाचं बघितलं होतंत ते मी विचारलं नाही. तेव्हापासून ट्रॅक्टरवर जाताना ओढणी घरात खुंटीला आणि घरच्यांचा जुना खाकी शर्ट अंगात. रस्त्यावर निघताना डाव्या-उजव्या दोन्ही ब्रेकना एकत्र बांधणारी कडी जोडलीय का, हे मुलगासुद्धा आता न सांगता बघतो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोनदा पाकीट दिलं, दोनदा टूलबॉक्समध्ये परत सापडलं. गुऱ्हाळावरून गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, आणून दिला तेवढा घेतलात, तोही "नातीला आवडतो" म्हणून.

तर आता कामाचं. तुम्ही दोन हंगाम म्हणाला होतात. परवा चढाला ट्रॉली ओढताना इंजिन ओरडतंय आणि चाक हळू, क्लच घसरायला लागलाय. पत्रिकेवरची शेवटची ओळ. प्लेट आणून ठेवलीय. क्लचपर्यंत पोचायला ट्रॅक्टर मधोमध सुटा करायचा, त्याला दीर आणि पुतण्या आहेत, जॅक आणि लाकडी ठोकळे आहेत, आणि नट मी सोडणार आहे. तुम्ही फक्त रविवारी या, खुर्चीवर बसा आणि चुकलं की ओरडा. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा करते. ठेवू?

तुमची,
भोगावतीकाठची वैनी