सेल्माला जाऊन आलो

अटलांटा, रविवार रात्र

प्रिय संजू,

परवा फोनवर तू म्हणालास, "एवढे मोर्चे काढले, एवढी माणसं मेली, आणि ब्लॅक लोकांना शेवटी मिळालं काय, जॉर्ज फ्लॉईडचं झालं तेच ना?" तोच फ्लॉईड, २०२० ला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारलेला. मी गाडीत होतो, हो ला हो करून विषय टाळला आणि मग रात्रभर स्वतःवरच चिडलो, कारण या प्रश्नाला हो ला हो करून चालत नाही. म्हणून आज बसून लिहितोय, मोठं होईल, चहा घेऊन वाच.

काल आम्ही सेल्माला जाऊन आलो, अलाबामात, इथून साडेतीन तास लागले. अलाबामा नदीवरचा तो पूल आहे ना एडमंड पेटस, तो फोटोत सपाट वाटतो पण तसा नाहीये, मधे चांगला उंच आहे, म्हणजे अलीकडून चढायला लागलास की पलीकडे काय आहे ते अजिबात दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला मताच्या हक्कासाठी निघालेली साधारण ६०० माणसं दोन-दोनच्या रांगेत हा चढ चढली आणि माथ्यावर आल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं की खाली रस्ता अडवून पोलीस उभे आहेत, काही घोड्यांवर, हातात काठ्या, तोंडाला गॅस मास्क. तरी ती खाली उतरली. चळवळीतला तरुण पुढारी जॉन लुईस २५ वर्षांचा होता, सगळ्यात पुढे, त्याची कवटी फुटली. मी त्या माथ्यावर पाचेक मिनिटं उभा राहिलो. इथून परत फिरणं किती सोपं होतं, एवढंच डोक्यात येत होतं. आणि हो, ज्या पेटसचं नाव पुलाला आहे तो कू क्लक्स क्लॅन या ब्लॅक लोकांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचा पुढारी होता, ते नाव आजही तसंच आहे.

आता मिळालं काय ते सांगतो. त्याआधी काय होतं ते बघ. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समज, आहे तिथं निम्मी वस्ती ब्लॅक, मत देण्याच्या वयाची १५ हजार माणसं, आणि मतदार यादीत नाव जेमतेम ३०० जणांचं. नाव नोंदवायचं ऑफिस महिन्यातून दोन सोमवार उघडायचं. गेलास की घटनेवर प्रश्न विचारायचे, पास-नापास ठरवणारा गोरा कारकून, आणि तू तिथं गेला होतास ही बातमी संध्याकाळपर्यंत तुझ्या मालकाच्या कानावर, की गेली नोकरी.

म्हणूनच मला शाळामास्तरांचा मोर्चा सगळ्यात मोठा वाटतो, पुलापेक्षाही. २२ जानेवारी १९६५, शंभरावर ब्लॅक शिक्षक शाळा सुटल्यावर चांगले कपडे घालून कोर्टाच्या पायऱ्यांवर गेले. त्यांच्या नोकऱ्या गोऱ्या स्कूल बोर्डाच्या हातात, गमवायला सगळ्यात जास्त यांच्याकडेच, आजपर्यंत ते गप्प होते ते त्यामुळेच. आणि प्रत्येकाने सोबत टूथब्रश आणला होता, उंच धरून दाखवत होते, म्हणजे टाका जेलमध्ये, आम्ही तयारीने आलोय. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, जिम क्लार्कने त्यांना काठीने ढोसत पायऱ्यांवरून खाली ढकललं, परत वर गेले, परत ढकललं. आपल्या शाळेतले मास्तर आठव संजू, त्यांनी असं काही केलं असतं तर आपण पोरं दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो का? तिथली पोरंही नाही बसली.

ऑगस्टमध्ये व्होटिंग राइट्स ॲक्टवर, म्हणजे मतदानातला भेदभाव बंद करणाऱ्या कायद्यावर, सही झाली आणि काही दिवसांतच केंद्र सरकारची माणसं सेल्मात येऊन नावं नोंदवायला बसली, परीक्षा नाही की काही नाही. माझ्या ऑफिसात एक बाई आहेत, आता रिटायरमेंटला आल्यात, त्या सेल्माजवळच्याच. त्यांच्या आईचं नाव त्या उन्हाळ्यात लागलं. तो कागद आईने बायबलमध्ये ठेवला होता, जन्मदाखल्यांच्या शेजारी, बाईंनी मला मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला, घडी घालून घालून मधोमध चिरलाय, मागून टेप लावलीय. पुढच्याच वर्षी, १९६६ ला, तो जिम क्लार्क निवडणुकीत पडला. ज्यांना ढकललं त्यांच्याच मतांनी पडला. मिसिसिपी राज्यात तर १९६५ च्या आधी शंभरातले सातसुद्धा ब्लॅक मतदार नोंदलेले नव्हते, दोन वर्षांत साठच्या घरात गेले. याला काहीच नाही मिळालं म्हणायचं का?

आणि फक्त मत नाही. हॉस्पिटलची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. दक्षिणेत ब्लॅक पेशंटला वेगळा वॉर्ड, बऱ्याच ठिकाणी तळघरात, कितीतरी ठिकाणी दारातूनच परत. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा म्हणाला की जिथं भेदभाव तिथं सरकारी पैसा नाही, पण तो खरा चावला १९६६ ला, मेडिकेअर हा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा सुरू झाला तेव्हा, कारण आता म्हाताऱ्या पेशंटची बिलं सरकार भरणार होतं आणि हा पैसा कुठल्याच हॉस्पिटलला सोडवेना. शेकडो हॉस्पिटलांनी काही महिन्यांत वॉर्ड एक केले. जे पिढ्यान्‌पिढ्या "शक्यच नाही" होतं ते चार-पाच महिन्यांत झालं, आणि दक्षिणेत ब्लॅक बाळं मरायचं प्रमाण त्यानंतर झपाट्याने खाली आलं. ती बाळं आज पन्नाशी-साठीत असतील. शाळांचंही तसंच बघ, वेगळ्या शाळा बेकायदा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४ चा, पण दहा वर्षांनी दक्षिणेत शंभरातली दोन ब्लॅक पोरंसुद्धा गोऱ्यांच्या शाळेत नव्हती, पैसा बंद व्हायची धमकी आली तेव्हा कुठे हललं.

पण तुझं म्हणणं अगदीच चूक नाही, आणि हेच मला नीट सांगायचंय. पूल उतरून आम्ही गावात फिरलो. मेन रोडवर कितीतरी दुकानं बंद, फळ्या ठोकलेल्या, २०२३ च्या वादळात पडलेल्या घरांच्या जागा अजून मोकळ्या. एअर फोर्सचा तळ १९७७ ला बंद झाला, नोकऱ्या गेल्या, ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. आणि महापौर बघ, पुलावरच्या त्या रक्तबंबाळ रविवारी जो गोरा महापौर होता, जोसेफ स्मिदरमन, तो २००० साली हरला! गावाला पहिला ब्लॅक महापौर मिळायला मत मिळाल्यावर ३५ वर्षं लागली.

लोक म्हणतात चळवळीने पैशाचा, नोकरीचा विचार केला नाही. हे मला मान्य नाही, साफ नाही. १९६३ च्या ज्या वॉशिंग्टन मोर्च्यातलं मार्टिन लूथर किंगचं स्वप्नाचं भाषण सगळ्यांना माहितीय, त्या मोर्च्याचं नावच 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी' असं होतं, आणि त्यांच्या मागण्यांत होतं की किमान मजुरी तासाला २ डॉलर करा. आजच्या हिशोबात ते २० च्या आसपास जातात. आणि आज केंद्राची किमान मजुरी किती आहे माहितीय? ७ डॉलर २५ सेंट, २००९ पासून तीच. म्हणजे मागितलं होतं रे, स्पष्ट आकडा टाकून मागितलं होतं, दिलं नाही. किंग मेम्फिसला मारला गेला तेव्हा तो तिथं कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी गेला होता, त्यांचे दोन साथीदार कचऱ्याच्या गाडीतच चिरडून मेले होते. तो गेल्यावर आठवड्याभरात घरांच्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला खरा, पण मोडणाऱ्याला धरायचे दात त्याला नव्हते, ते बसवायला १९८८ उजाडलं. तोवर ज्या भावात गोऱ्या कुटुंबांनी घरं घेतली तो भाव निघून गेला होता. २०२२ चा सरकारी सर्व्हे आहे, मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर, ब्लॅक कुटुंबाची ४५ हजार.

पोलिसांचंही तेच, मोर्च्यांवर सोडलेली कुत्री टीव्हीवर दिसली तेव्हा देश हादरला, पण पोलीस खातं आतून कसं चालतं त्याला त्या काळच्या कुठल्याच मोठ्या कायद्याने हात लावला नाही. आणि जे मिळालं तेही कायमचं नाही, २०१३ ला याच अलाबामातल्या शेल्बी काउंटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मताच्या कायद्याचा कणाच काढून टाकला.

अजून एक, हे तू आणि मी दोघांनी लक्षात ठेवायचं. १९६५ च्या आधी भारतातून इथं वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. शंभर! त्याच काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्याच हवेत, ऑक्टोबर १९६५ मध्ये तो नियम मोडला, मतांच्या कायद्यानंतर दोन महिन्यांत. इथल्या आपल्या मंडळींत जेवताना "आपण कसे मेहनतीवर वर आलो, यांना का नाही जमत" असं निघतं ना, तेव्हा मला घास गिळवत नाही. आपण ज्या दारातून आत आलो ते उघडताना डोकी त्यांची फुटली.

ऑफिसातल्या त्या बाईंना मी विचारलं, तुझाच प्रश्न, की आईला मिळालं काय. त्या म्हणाल्या, आई त्यानंतरही वीस वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडीच करत होती, पण निवडणुकीच्या दिवशी मालकिणीला सांगायची, आज मी उशिरा येणार. विचारत नव्हती, सांगायची.

तुला त्या कागदाचा फोटो पाठवेन, बाईंना आधी विचारतो. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच फोन कर, मी डिसेंबरची तिकिटं त्याप्रमाणे बघतो.

तुझा,
मिलिंद