दिवाळीचं पार्सल पाठवण्याआधी

एसलिंगन, जर्मनी
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगायचं ठरवते, पण आई ‘जेवलीस का’पासून सुरुवात करते आणि ‘ठेवते गं, गॅसवर दूध आहे’ म्हणून फोन ठेवते. म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, याची प्रिंट काढा आणि पोस्टात जाताना खिशात ठेवा. दादाच्या भरवशावर राहू नका, तो नुसता अंगठा पाठवतो.

आधी आईच्या शंका. जेवते, दोन्ही वेळा जेवते. व्हिडिओत गाल बसलेले दिसतात कारण तुम्ही फोन करता तेव्हा माझी रात्रपाळी नुकती संपलेली असते. त्या वेळी कुणाचेही गाल बसलेलेच दिसतील. थंडी अजून नाही, आणि पडली तरी घरात हीटर आहे. तूरडाळ, पोहे, हिंग, गूळ सगळं इथल्या भारतीय दुकानात मिळतं. मिळत नाही ते भडंग. हळदही मिळते, पण ती कुठली आहे ते विचारू नका. हरिपूरच्या पेवांशेजारी वाढलेल्या माणसाला ती हळद म्हणून खपत नाही, एवढंच सांगते. तेव्हा पार्सल नकोच असं मी म्हणत नाहीये. फक्त ते नीट यावं.

गेल्या दिवाळीचं पार्सल तुळशीचं लग्न उरकल्यावर आलं. त्या एजंटानं किलोमागे चारशे रुपये वाचवून दिले म्हणून बाबा खूश होते. पण त्यानं दिलेला नंबर फक्त त्याच्याच वेबसाइटवर चालायचा आणि तिथे कायम एकच ओळ, ‘माल मार्गस्थ’. मुंबईतून पुढे कुणाच्या विमानात गेलं, इथे कुणी उतरवून घेतलं, काही पत्ता नाही. असले बरेच एजंट चार-पाच जणांचा माल गोळा करून मोठ्या कंपनीकडे देतात. ते वाईट असतात असं नाही. पण वाटेत काही अडलं की तो म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते तुम्ही आमचे गिऱ्हाईकच नाही. वर त्यानं सामानाच्या यादीत सगळं मिळून ‘फूड आयटम्स’ असं दोन शब्दांत लिहिलं होतं. त्यामुळे मला इथल्या कस्टमच्या कचेरीतून पत्र आलं, की स्वतः या आणि खोकं आमच्यासमोर उघडा.

हे मी तेव्हा तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. गेले मी. हातमोजे घातलेला एक मध्यमवयीन गृहस्थ, समोर स्टीलचं टेबल, हातात छोटी सुरी. आईनं चिकटपट्टीचे इतके वेढे मारले होते की त्याला कापायलाच पाच मिनिटं लागली. चकल्या त्यानं उचलून उजेडात धरून पाहिल्या. बेदाणे ठेव म्हणाला. मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पलीकडच्या टेबलावरची बाई मान वर करून बघायला लागली. मग त्यानं तीन वस्तू बाजूला काढल्या: तुपाची बरणी, खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं आणि साताऱ्याच्या आत्याचे कंदी पेढे. अगदी सभ्यपणे एक कागद पुढे केला, मी सही केली, आणि तिन्ही जप्त. आत्यानं मला विचारलं होतं पेढे कसे होते. मी ‘नेहमीसारखे’ म्हटलं. तुम्हीही तेच म्हणा.

तर नियम असा आहे. युरोपियन युनियनच्या बाहेरून खासगी पार्सलमधून दूध आणि मांस यांपासून केलेलं काही चालत नाही. पेढा म्हणजे खवाच, तूप म्हणजे लोणीच. बाबा, तुम्हाला वाटेल काय हा कडकपणा, पण गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंय. तीच भीती इथे यांना आहे. विमानानं येणाऱ्याच्या बॅगेलाही हाच नियम, म्हणजे कुणाच्या सामानात पेढे सरकवायचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका. औषधं टपालानं अजिबात नकोत, काढ्याची पुडीसुद्धा नको. मी दवाखान्यातच नोकरी करते, मला खोकल्याचं औषध मिळतं गं आई. ताजा कढीपत्ता आणि कुंडीत लावायला बी असलंही काही घालू नकोस. पानं, झाडं, बी यांना सरकारी रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं.

चालतं ते म्हणजे हळद, बेदाणे, भडंग, मेतकूट, चटण्या, मसाला, तेलातल्या चकल्या. लोणचं चाललं असतं, पण त्याचं तेल गळून बाकी सगळ्याची वाट लागते.

आता कशानं पाठवायचं. मी इथल्या आपल्या मुलींना विचारलं, स्वतःही तपासलं, आणि माझं मत असं झालंय की फराळासाठी आपलं पोस्टच बरं. सांगलीच्या मुख्य पोस्टातून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. पावतीवर तेरा खुणांचा नंबर असतो: आधी दोन अक्षरं, त्यातलं पहिलं ‘ई’, मग ९ आकडे आणि शेवटी ‘आयएन’. ही पद्धत सगळ्या देशांच्या टपालखात्यांनी मिळून ठरवलेली आहे, त्यामुळे तोच नंबर तिकडेही चालतो आणि इकडेही. जागतिक टपाल संघटना १८७४ ची, भारत त्यात १८७६ पासून आहे. एका खात्यानं दुसऱ्या खात्याच्या हातात द्यायचं, एवढाच व्यवहार, मधला कुणी नाही. वेळ थोडा जास्त लागेल. लागू दे. कुठे अडकलंय ते कळतं, ते मला चार दिवस लवकर येण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मोठ्या कुरियर कंपन्या नक्कीच वेगवान. माझे मार्कशीटचे कागद पाठवाल तेव्हा मात्र त्यांच्याकडेच द्या, थेट त्यांच्या काउंटरवर, एजंटाकडे नाही. पण भडंगासाठी त्या परवडणार नाहीत, आणि हे मी हिशेब करून सांगते. त्या नुसतं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० नं भागायचं, जे जास्त येईल त्याचे पैसे. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, मग आत दोन किलो चुरमुरे का असेनात. पाठवतोय भडंग, पैसे देतोय हवेचे.

यादी लिहिताना प्रत्येक वस्तू वेगळी, इंग्रजीत, वजन आणि किमतीसकट. वस्तूचा कस्टमसाठीचा जागतिक क्रमांक विचारला तर हळदीचा ०९१०३०, बेदाण्यांचा ०८०६२०. ही माहिती आता पार्सलच्या आधी संगणकावरून इकडे येते. ती नसेल तर पार्सल परतही जाऊ शकतं. वर ‘गिफ्ट’ लिहा आणि किंमत खरी लिहा. एका माणसानं दुसऱ्याला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत असेल तर कर नाही, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये. त्याच्या वर गेलं की कर लागतो. तेव्हा आई, ‘एवढं पाठवतोच आहोत तर एक साडीपण’ असं करू नकोस. साडी मी येईन तेव्हा.

पत्त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गेल्या वेळी बाबांनी स्वतःहून त्यात सुधारणा केली. तुम्ही ‘फ्लॅट नंबर ४, दुसरा मजला, बेकरीच्या मागे’ असं लिहिलं होतंत. इथे फ्लॅटला नंबरच नसतो! खरंच नसतो. इमारतीच्या दारावर बेलांची एक पाटी असते, प्रत्येक बटणापुढे आडनाव, आणि खाली पत्रपेट्यांवर तीच आडनावं. पोस्टमन आडनाव बघतो, बस. नाव पाटीवर नसेल तर माणूस तिथे राहतच नाही असं धरून पार्सल परत. म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, आधी ‘कु.’ लावू नका, आणि बेकरी काढून टाका. इथल्या पोस्टमनला बेकरी सापडली तरी तो तिच्या मागे जाणार नाही.

आणि मी घरी नसले तर? तर तो पार्सल कुणाही शेजाऱ्याकडे देतो. कुणाही म्हणजे जो बेल वाजवल्यावर दार उघडेल त्याच्याकडे. ओळख असायची गरज नाही. माझ्या पेटीत चिठ्ठी टाकतो, त्यावर पेननं आडनाव खरडलेलं असतं, की यांच्याकडे आहे. मग संध्याकाळी मी त्या घराची बेल वाजवायची, चिठ्ठी दाखवायची, आभार मानायचे, पार्सल घ्यायचं. आत काय आहे हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे पार्सल शेजारी ठेवलं तर निम्म्या गल्लीला आत काय आहे ते माहीत असतं. जेवणाच्या वेळेनंतर फार उशिरा जायचं नाही, आणि दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही, कारण त्यांच्या बोळात जागा अडते. तळमजल्यावर एक आजी आहेत, त्यांच्या बोळात कायम तीन-चार घरांची खोकी असतात. माझीही आता गंमत झालीय. रात्रपाळी करून मी सकाळी घरी झोपलेली असते हे त्या पार्सलवाल्याला कळलंय, त्यामुळे तो पहिली बेल माझीच वाजवतो. अर्ध्या झोपेत मी अख्ख्या इमारतीचे बूट आणि कुत्र्याचं खाणं सही करून घेते. आई, तू विचारलं होतंस परक्याच्या घरातून काही गेलं तर? आजवर काहीही गेलेलं नाही, उगाच काळजी करू नकोस.

उलट दिशेचंही एकदा सांगून टाकते, कारण काका विचारत होते की तिकडून पार्सल का येत नाही. डिसेंबर २०१९ पासून भारतात परदेशातून टपालानं भेट म्हणून करमुक्त वस्तू मागवता येत नाही, कर भरून घ्यावी लागते. त्यातून दोनच गोष्टी वगळल्या आहेत: राखी आणि जीव वाचवणारी औषधं. सरकारला बहिणीचं तेवढं कळलं म्हणायचं. म्हणून दादाला राखी आली आणि तिच्यासोबत चॉकलेट आलं नाही. मी कंजूष झाले नाहीये.

बाबा, मोतीबिंदूचं मिरजेला लवकर दाखवून घ्या. ‘पिकू दे अजून’ हे जुनं झालं, आता तसं थांबत नाहीत. पैसे मी शुक्रवारी पाठवलेत, बुधवारपर्यंत खात्यात दिसतील. त्यातले माझ्या कोर्सच्या कर्जाच्या हप्त्यात घालू नका, तो मी वेगळा भरते. हे डोळ्याचेच आहेत. ऑपरेशनच्या दिवशी डोळ्यात थेंब वेळेवर कोण घालणार ते ठरवा. दुसऱ्यांच्या आई-वडलांना मी इथे तासातासाला घालते आणि तुमच्या वेळी फोनवरून आठवण करणार, हे मला कळतं, बोलून दाखवायची गरज नाही. दादाला सांगा सुट्टी काढ म्हणून.

त्याच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही असं दिसतंय. माझ्या शिक्षणाला इथे मान्यता मिळण्याची परीक्षा झाल्याशिवाय लांब रजा मागता येत नाही, आणि ती झाली की पगारही वाढेल, मग लग्नाला सरळ तीन आठवडे येते. तारीख ठरवताना परीक्षेनंतरची बघा, जमलं तर. नाही जमलं तर माझ्यासाठी थांबवू नका. मुलीकडच्यांना ‘ताईला रजा मिळाली नाही’ एवढंच सांगा, फार कारणं देऊ नका. तिच्या अंगठीचे पैसे मी देणार हे आपलं ठरलंय, त्यावर पुन्हा चर्चा नको.

आणि ते कराडचं स्थळ. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण ‘ती दोन वर्षांत परत येणारच आहे’ असं तुम्ही त्यांना परस्पर सांगितलंत हे मला मावशीकडून कळलं. माझं अजून काही ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा आधी तुम्हालाच सांगेन. तोवर त्याला माझा नंबर द्या, बोलेन मी, पण मंगळवारी किंवा गुरुवारी, त्या दिवशी मला सुट्टी असते. आणि पत्रिका पाठवू नका, त्याला काय पगार आहे हेही नको. तो इकडे यायला तयार आहे का, एवढं विचारा.

तुमची,
सोनल

ता. क. – हळद दोन पिशव्यांत घाला, एकात एक. आणि भडंगात लसूण जरा जास्त.