बर्फाच्या खोलीचे पैसे घेऊन हीटरच्या खोलीत झोपवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : फेब्रुवारी २०२४ची स्वीडन सहल. याच विषयावरचं चौथं पत्र.

काल दुपारी तुमच्या माणसांशी सत्तेचाळीस मिनिटं फोनवर होतो. त्यातली निम्मी तुमचीच जाहिरात ऐकण्यात गेली. ‘जगावेगळ्या मुक्कामांचा अनुभव’ हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. म्हणून आता फोन बंद, हे पत्र.

सहल तुमचीच, स्वीडनमधल्या जगावेगळ्या हॉटेलांत मुक्काम करण्याची. उत्तर स्वीडनमधल्या युक्कासयार्वी गावातल्या बर्फाच्या हॉटेलात एक रात्र थंड, म्हणजे बर्फाच्याच खोलीत आणि दुसरी रात्र हीटरच्या लाकडी केबिनमध्ये, असं ठरलं होतं. बावीस जणांपैकी वीस जण थंड खोलीत झोपले. राहिलेले दोघे म्हणजे मी आणि सौ. रिसेप्शनवरच्या मुलीने यादी तीनदा तपासली, माफी मागितली (चूक तिची नसताना) आणि स्क्रीन फिरवून दाखवला. तुमच्या कंपनीने आमच्या नावावर दोन्ही रात्री केबिनच बुक केली होती. त्या रात्री एकही थंड खोली शिल्लक नव्हती. तुमचा टूर मॅनेजर म्हणाला, “काका, मी मुंबईला मेल टाकतो.” तो मेल अजून वाटेत असावा.

मी कोण, हे तुमच्या फॉर्मवर ‘निवृत्त’ या एका शब्दात मावलं. रत्नागिरीत ३४ वर्षं माझा बर्फाचा कारखाना होता. मिरकरवाड्याच्या होड्यांना आम्ही लाद्या पुरवत होतो. डब्यात पाणी भरायचं, डबे गार मिठाच्या पाण्यात सोडायचे आणि आत नळीने हवा सोडत राहायचं. हवा बंद पडली की लादी मधोमध दुधासारखी पांढरी होते. आयुष्यभर या पांढऱ्या गाभ्याशी भांडलो. आणि तिथे टोर्ने नदी वाहता वाहता वरून सावकाश गोठते, बुडबुडे धरतच नाही. मार्चमध्ये तो बर्फ दोन-दोन टनांच्या ठोकळ्यांत कापतात, उन्हाळाभर कोठारात ठेवतात आणि थंडी पडली की त्याचं हॉटेल उभारतात. वसंतात ते वितळून नदीत परत जातं. १९८९पासून हे चाललंय. आम्ही गेलो तेव्हाचं हॉटेल चौतिसावं, म्हणजे माझा कारखाना चालला तितकीच वर्षं. आता कळलं का, मला तिथे एक रात्र का झोपायचं होतं?

दिवसा आत फिरू दिलं, तेवढं पाहिलं. मी हातमोजा काढून एका खांबावर तळवा टेकवला. खांबाच्या पलीकडे हिची लाल कानटोपी होती, ती अलीकडून दिसत होती, वीण मोजता येईल इतकी स्वच्छ. मग संध्याकाळ झाली, थंड खोल्या मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी राखीव झाल्या आणि आम्ही बाहेर. बाहेर उणे २३. सकाळी आमच्याच ग्रुपमधले लोक, रेनडिअरच्या कातड्यावर झोपून उठलेले, उणे पाचात रात्र काढल्याची प्रमाणपत्रं एकमेकांना दाखवत होते. ही काही बोलली नाही. कानटोपी घडी करून पर्समध्ये ठेवली.

आता तुमची कारणं. पहिल्या फोनवर : हॉटेल फुल होतं. दुसऱ्या फोनवर : आमचं वय पासष्टच्या वर म्हणून ‘सिस्टीमने’ आपोआप गरम खोली दिली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट तुम्हीच मागितलं होतं, मी दिलंही होतं. ते सिस्टीमने वाचलं नसावं, चष्मा लागला असेल तिला.

आणि काल, फोनवर तुमच्या एक मॅडम.

मी म्हटलं, “इनव्हॉइस उघडा. चौथी ओळ वाचा.”

“कोल्ड रूम सप्लिमेंट, दोन व्यक्ती, अडतीस हजार.”

“मग कोल्ड रूम कुठाय?”

“सर, पण आयटिनररीत ‘आइस हॉटेल एक्सपीरियन्स’ लिहिलंय. ‘स्टे’ नाही लिहिलेलं. एक्सपीरियन्स तर तुम्ही घेतला ना? फोटो काढले असतील.”

“काढले.”

“मग झालं ना, सर.”

मी गप्प. तिला वाटलं पटलं. म्हणाली, “उलट वॉर्म रूम म्हणजे अपग्रेडच आहे, सर. बाकीचे लोक कुडकुडले, तुम्ही आरामात झोपलात.”

म्हणजे उद्या सोलकढी मागवली आणि चहा आणून ठेवला, तर गरम मिळालं म्हणून जास्तीचे पैसे द्यायचे? हा प्रश्न मी तिलाही विचारला. तिने मला होल्डवर टाकलं. पुन्हा जाहिरात. परत आली ती खुशखबर घेऊन : “सर, गुडविल म्हणून आमच्या काश्मीर टूरवर अडीच हजारांचं कूपन देतेय. गुलमर्गला पण बर्फ असतो.”

बर्फ माझ्या घराजवळ मासळी बाजारातही असतो, मॅडम.

स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरच्या जम्बो विमानातल्या हॉटेलाचं तर मी बोलतच नाही. ब्रोशरवर फोटो कॉकपिटातल्या खोलीचा, आम्हाला मिळाले वरखाली बंक. त्याचं मी हसण्यावारी नेलं होतं. पण चौथ्या ओळीतले अडतीस हजार हसण्यावारी नेणार नाही. पैसे थंड खोलीचे घेतले, खोली हीटरची दिली, एवढी साधी गोष्ट तीन फोन आणि तीन पत्रांत तुम्हाला समजलेली नाही.

२००९मध्ये मुलीच्या लग्नानंतर आम्ही दोघं तुमच्याबरोबरच पहिल्यांदा सिमल्याला गेलो होतो. तेव्हा तुमचा माणूस रात्री अकराला स्वतः गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात आला होता. तो माणूस आता तुमच्याकडे नसणारच.

पंधरा दिवसांत अडतीस हजार खात्यात आले पाहिजेत, आणि खोली का बदलली ते खरं कारण लेखी. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो, त्यामुळे तारखांना रत्नागिरीला तुम्हाला यावं लागेल. मला वेळच वेळ आहे, फॉर्मवर लिहिलंय ना, निवृत्त.

कूपन सोबत परत पाठवत आहे.

बुकिंग क्रमांक तुमच्याकडे आहेच.

सोबत : इनव्हॉइसची प्रत (चौथी ओळ लाल पेनाने अधोरेखित), डॉक्टरांचं सर्टिफिकेट, कूपन.