घाणेरी ‘देशी’ कशी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला फुलपाखरांसाठी देशी झाडांची बाग करण्याविषयीचा लेख वाचला. हेतू चांगला, यादीही बरीचशी योग्य. पण तिच्यात घाणेरी पाहून हे पत्र लिहावंसं वाटलं.

घाणेरी ऊर्फ टणटणी माळावर, कुंपणाला, रुळांकडेला इतकी दिसते की कुणालाही ती इथलीच वाटावी. प्रत्यक्षात घाणेरी ज्या लँटाना प्रजातीतली, तिच्यातल्या बहुतेक जाती मूळच्या मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या आणि वेस्ट इंडीजमधल्या, काही आफ्रिकेतल्या. आपल्याकडे माजलेली लँटाना कमारा ही अमेरिकेची. डचांनी सतराव्या शतकात ती ब्राझीलहून युरोपात नेली. तिथल्या काचघरांत तिचे संकर झाले आणि शोभेचं झुडूप म्हणून ती जगभर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. पुढे फळं खाऊन तिच्या बिया पसरवण्याचं काम बुलबुल-साळुंक्यांनी केलं. फ्लोरिडात तर गंमतच आहे. तिथली मूळची लँटाना डिप्रेसा ही जात बागांतून सुटलेल्या या कमारा बहिणीशी संकर होऊन संपत चालली आहे.

भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशातल्या वाघांच्या प्रदेशातलं सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक जंगल घाणेरीने व्यापलं आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत टिकत नाही. मग चितळ-सांबरांनी खायचं काय? पाला खाल्लेल्या गुरांचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते. तिच्यावर उतारा म्हणून १९२१ मध्ये एक माशी आणि १९४१ मध्ये ढेकणाच्या जातकुळीचा एक कीटक परदेशातून आणला गेला. घाणेरीला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं!

तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात हे खरंच, पण ती मध प्यायला. अंडी घालायला आणि सुरवंट पोसायला त्यांना दुसरी झाडं लागतात. लिंबू आणि कढीपत्ता लावलात तर कॉमन मॉर्मन येईल, रुईवर प्लेन टायगर. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. यादीत रुईला जागा नाही आणि घाणेरीला आहे, हे उलटं झालं. रोपवाटिकांतून ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून रंगीबेरंगी लँटाना खपते, त्यात आता वर्तमानपत्राचीही शिफारस मिळाली.

विनंती एवढीच, की यापुढे झाडांची यादी छापताना प्रत्येकाचा मूळ प्रदेशही द्यावा. आणि लेख वाचून कुणी घाणेरी लावलीच असेल, तर फळं काळी होऊन पक्ष्यांना दिसण्याआधी ती मुळासकट खणून काढावी. नुसती वरून छाटली तर खोडाच्या बुंध्यातून पुन्हा फुटते.

आपला,
एक वाचक, नागपूर