चिठ्ठ्या दोन, आजार एकच

मा. संपादक,
स. न.

दर वर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक सोरायसिस दिनी, वर्तमानपत्रांत लेख येतात. त्यांत त्वचेबद्दल भरपूर असते, सांध्यांबद्दल जेमतेम एखादी ओळ. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला मात्र त्वचेवर खवले आणणारा हा आजार दोन चिठ्ठ्यांत दिसतो. कोपरावरच्या खवल्यांसाठी त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मलम नेणारा माणूस महिन्याभराने टाचेच्या दुखण्यासाठी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो. खवल्यांचे तिथे सांगितलेलेच नसते. लाज वाटते, शिवाय ‘त्याचा काय संबंध?’

संबंध आहे. सोरायसिस असलेल्या साधारण पाचातल्या एकाला सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबतचा संधिवात, होतो. बहुतेकदा त्वचेनंतर काही वर्षांनी, क्वचित आधीही. त्याची लक्षणे अशी: सकाळी अर्धा-पाऊण तास सांधे आखडणे, अख्खे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणे, टाचेमागे स्नायू हाडाला जोडणारी जाड शीर दुखणे, नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडणे. ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे वात नाही’ हे वाक्य काउंटरवर नेहमी ऐकू येते. आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी; या आजारात ती बहुधा निगेटिव्हच येते! डॉक्टरांना नखे, टाळू, कानामागची त्वचा दाखवायला हवी. सांधा एकदा झिजला की पूर्ववत होत नाही, म्हणून संधिवाततज्ज्ञाकडे लवकर गेलेले बरे.

वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे दबते, झीज थांबेलच असे नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे असतात. त्यांनी भागले नाही तर बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, सूज आणणारे घटक रोखणारी इंजेक्शने. ती देण्यापूर्वी लपलेला क्षयरोग तपासावा लागतो. अशाच एका इंजेक्शनची, अडालिमुमॅबची, भारतीय आवृत्ती २०१४ पासून मिळते, तरी तिचा खर्च अनेक घरांना झेपत नाही. ‘गुण हमखास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांबच राहा. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते आणि ते एकदम बंद केले की सोरायसिस भडकू शकतो.

सर्वांत जास्त धास्ती मेथोट्रेक्सेटची वाटते. या आजारात ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. आम्ही पाकिटावर लाल पेनाने वार लिहून देतो. औषध घरपोच मागवणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून तो वार कालनिर्णयवर लिहून ठेवावा, आणि रक्ताच्या व यकृताच्या तपासण्यांच्या तारखाही त्यातच.

आपला,
एक औषधविक्रेता, सातारा