मनगटावरच्या पट्टीत नक्की काय काय येतं?

संपादक महोदय,

नुकतेच आम्ही घरचे सगळे समुद्रकिनाऱ्यावरच्या एका ऑल-इन्क्लुझिव्ह (म्हणजे एकदाच पैसे भरले की राहणं, खाणं-पिणं सगळं त्यातच) रिसॉर्टला पाच दिवस राहून आलो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय. मुळात ही कल्पना फार छान आहे, १९५० साली क्लब मेड या फ्रेंच पर्यटन संस्थेने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुरुवात केली तेव्हाही एकदा पैसे भरले की निवांत असंच होतं, आणि पुढे त्यांच्या बारमध्ये तर पैशांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालायचे! आम्हाला मात्र चेक-इनला मनगटावर पॅकेजची खूण म्हणून पट्टी बांधली आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की मोटारबोटीचे खेळ, स्पा, चांगल्या ब्रँडची पेयं, सगळ्याचं बिल वेगळं. "ते पॅकेजमध्ये नाही सर" हे वाक्य तर पाठच झालं. अहो मग आधी सांगा ना!

आणि बुफेचं काय सांगू, लोक ताट शिगोशीग भरतात, दोन घास खातात आणि उठतात. आमच्या शेजारच्या टेबलावरून एक मुलगा सहा ताटं उचलून नेत होता, त्यातली चार जवळजवळ भरलेलीच, ती तो एकामागून एक बादलीत खरवडत होता. बघवत नव्हतं. पैसे भरलेत म्हणून अन्न फेकायचा हक्क मिळतो का?

बुकिंगच्या पानावर काय मिळणार याच्याच खाली काय मिळणार नाही हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायला लावलं पाहिजे, आणि बुफेतली ताटं जरा लहान ठेवा.

आपला,
एक वाचक